आउटडोअरची फुलबॅक मुलींच्या इनडोअर संघात गेली, आता काय?

सिडनीतल्या एका आईने विचारलंय: मुलगी 14 वर्षांची आहे. हिवाळ्यात क्लबकडून आउटडोअर, म्हणजे उघड्या मैदानावरची हॉकी खेळते, फुलबॅक (मागच्या फळीतली बचावपटू) आहे आणि तिची हिट, म्हणजे स्टिक उगारून मारलेला फटका, संघात सगळ्यांत जोरदार आहे. यंदा असोसिएशनच्या 15 वर्षांखालच्या मुलींच्या इनडोअर, म्हणजे हॉलमध्ये खेळायच्या हॉकीच्या संघात तिची निवड झाली. घरात सगळे खूश होते. पण सुरुवातीच्या सरावांनंतर ती घरी येऊन म्हणाली, "मला इथे काहीच येत नाही." आईचे प्रश्न तीन. दोन्ही खेळांत नेमका फरक काय, तिला पुढे खेळू द्यावं का, आणि इनडोअरमुळे तिचं आउटडोअर बिघडेल का.

मी पुण्यात हॉकी खेळत मोठी झाले आणि बरीच वर्षं ऑस्ट्रेलियात मुलींच्या दोन्ही प्रकारच्या संघांना शिकवते आहे. तुमच्या मुलीचं वाक्य माझ्या ओळखीचं आहे. चांगल्या आउटडोअर खेळाडू पहिल्या आठवड्यात अगदी हेच म्हणतात आणि बहुतेकदा त्यांतल्या सर्वांत चांगल्या मुलीच म्हणतात. म्हणून सविस्तर लिहिते.

नियमांची यादी कुठेही मिळेल, तिने तुमचा प्रश्न सुटणार नाही. खरा पेच असा आहे की ज्या गोष्टीसाठी तिला क्लबमध्ये मान आहे, ती गोष्ट इनडोअरमध्ये नियमानेच बंद आहे. इनडोअरमध्ये बॉल हिट करता येत नाही. पुश करायचा (स्टिक न उगारता ढकलायचा), फ्लिक करायचा (मनगटाने भिरकवायचा) किंवा नुसता वळवायचा. तोही जमिनीलगतच. बॉल उचलायची मुभा फक्त डीच्या, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळाच्या आतून गोलवर मारताना. म्हणजे तिची लांब हिट गेली, डोक्यावरून टाकलेला ओव्हरहेड गेला आणि प्रतिस्पर्ध्याच्या स्टिकवरून अलगद बॉल उडवून पुढे निघण्याचं कसबही गेलं. हातातली तिन्ही हत्यारं काढून घेतल्यावर कुठल्याही मुलीला आपण निकामी आहोत असंच वाटेल. तरीही तिची निवड झाली. निवड करणाऱ्यांना ती हिट करू शकणार नाही हे चांगलं माहीत होतं. त्यांनी तिच्यात दुसरं काहीतरी पाहिलंय. ते काय असावं याचा अंदाज मी पुढे सांगते.

आधी जागेचा हिशेब करू, कारण बाकी सगळं त्यातून येतं. आउटडोअर मैदान 91.4 मीटर लांब आणि 55 मीटर रुंद, त्यावर दोन्ही बाजूंचे मिळून 22 खेळाडू. इनडोअरचं मैदान जास्तीत जास्त 44 बाय 22 मीटर आणि त्यावर गोलकीपर धरून 6 विरुद्ध 6. भागाकार केला तर आउटडोअरला एका खेळाडूच्या वाट्याला सुमारे 228 चौरस मीटर येतात, इनडोअरला सुमारे 80. जागा जवळजवळ एक तृतीयांश झाली. त्यात लाकडी किंवा गुळगुळीत फरशीवर बॉल टर्फपेक्षा (आउटडोअरच्या कृत्रिम गवतापेक्षा) सरळ आणि वेगात जातो. त्यामुळे बॉल आल्यावर विचार करू असं म्हणणारी मुलगी इथे कायम एक पाऊल मागे राहते. बॉल यायच्या आधी मान वळवून दोन्ही बाजू पाहून ठेवाव्या लागतात.

डीचं गणित तर याहून डोळे उघडणारं आहे. इनडोअरची डी 9 मीटर त्रिज्येची आणि गोल 3 मीटर रुंद. गोलपोस्टच्या दोन्ही बाजूंना नऊ-नऊ मीटर धरले की डीची रुंदी 21 मीटर होते. मैदानच 22 मीटर रुंद! म्हणजे गोललाइनवर डी जवळजवळ मैदानाच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत पसरलेली असते. लांबीतून दोन्ही बाजूंचे नऊ-नऊ मीटर वजा केले की मधे उरतात 26 मीटर. आउटडोअरला फुलबॅकचा पास चुकला तर बॉल परत मिळवायला अर्धं मैदान असतं. इथे मधल्या भागात एक सैल पास गेला की पुढच्या दोन स्पर्शांत गोलवर शॉट येतो. मुलींना मी हे आकडे फळ्यावर लिहून दाखवते. भीती घालायला नाही, तर मागून सुरक्षित पास देण्याला इनडोअरमध्ये एवढी किंमत का आहे ते कळावं म्हणून.

आता बोर्ड. दोन्ही लांब बाजूंना 10 सेंटिमीटर उंचीच्या, किंचित आत कललेल्या लाकडी पट्ट्या असतात. त्यांना लागून बॉल आत परत येतो, खेळ थांबत नाही. आउटडोअरमधून आलेल्या मुली सुरुवातीला बोर्डाला कुंपण समजतात. त्याचा उपयोग खरं तर कॅरममधल्या रिबाउंडसारखा आहे. समोर बचावपटू उभी आहे, सरळ वाट बंद आहे, तर बॉल बोर्डावर तिरका टाकायचा आणि तिच्या पाठीमागे आपणच जाऊन घ्यायचा किंवा जोडीदारणीने घ्यायचा. मात्र दोन गोष्टी सांभाळायला लागतात. बोर्डाला लागल्यावर बॉलचा वेग कमी होतो, म्हणून पुश थोडा जास्त हवा. आणि फार आडवा, फार जोरात टाकला तर तो बोर्डावर चढून उडतो, मग उचललेल्या बॉलचा फाउल. कितीतरी वेगवेगळ्या कोनांतून करून पाहिल्याशिवाय हे हातात बसत नाही, नुसतं सांगून तर नाहीच.

तुमची मुलगी फुलबॅक आहे, त्यामुळे बचावाबद्दल जरा जास्त लिहिते. माझ्या मते दोन्ही खेळांतलं सर्वांत मोठं अंतर इथेच आहे.

आउटडोअरला आपण फुलबॅकला शिकवतो की प्रतिस्पर्ध्याला एका बाजूला ढकलत ने, योग्य क्षण आला की टॅकल कर, बॉल काढून घे. इनडोअरमध्ये असं पुढे झेपावलं की बॉल हमखास बाजूने ओढला जातो, मुलगी मागे पडते आणि मागे कोणीच नसतं. म्हणून इथे बॉल हिसकावण्यापेक्षा पासची वाट बंद करण्यावर भर असतो. गुडघे वाकवून खूप खाली बसायचं, डावा हात जवळजवळ जमिनीला टेकवायचा आणि स्टिक आडवी, पूर्ण लांबीने फरशीवर ठेवायची. बॉल उचलायला बंदी असल्यामुळे आडवी स्टिक ही खरीखुरी भिंत होते. स्टिकची सपाट बाजू किंचित पुढे झुकलेली हवी. मागे झुकली तर बॉल आदळून वर उडतो आणि फाउल तुमच्याच नावावर लागतो. डाव्या हाताची बोटं सतत फरशीला घासत असतात, म्हणून त्या हाताला चांगला जाड ग्लोव्ह हवा. बॉल तोच, 156 ते 163 ग्रॅमचा टणक, आणि येतो थेट त्या बोटांच्या उंचीवर.

खाली बसायचं म्हणजे गुडघा टेकायचा असं नव्हे. गुडघा, कोपर किंवा स्टिक न धरलेला हात जमिनीला टेकलेला असताना बॉल खेळला तर फाउल होतो. दमल्यावर मुलींचा गुडघा आपोआप खाली जातो आणि अशा साध्या फाउलवरून डीमध्ये पेनल्टी कॉर्नर, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला गोलची मोठी संधी, जातात. आणखी एक नियम मुलींना उशिरा कळतो: प्रतिस्पर्धी कोपऱ्यात किंवा बोर्डाला लागून बॉल घेऊन उभी असेल तर दोघी-तिघींनी स्टिका लावून तिला पूर्ण कोंडून टाकता येत नाही. बॉल बाहेर काढायला वाजवी फट ठेवावी लागते. पंच यावर बारीक लक्ष ठेवतात.

मग ही फुलबॅक करते काय? ती जागा राखते, प्रत्येक क्षणी दोन प्रश्न विचारते की माझ्या स्टिकने आत्ता कुठली वाट बंद आहे आणि माझ्या शेजारणीने कुठली. पाच जणी मिळून एक आकार धरतात आणि बॉलबरोबर तो आकार सरकत राहतो. सर्वांत पुढची मुलगी बॉल एका बाजूला वळवायला भाग पाडते आणि मागच्या चौघी त्या बाजूला सरकतात. एकीने अधीर होऊन जागा सोडली की सगळा आकार फुटतो. आउटडोअरला एकीची चूक बाकीच्या नऊ जणी झाकू शकतात. इथे झाकायला माणसंच नाहीत.

निवड करणाऱ्यांना तुमच्या मुलीत काय दिसलं असावं याचा माझा अंदाज इथून येतो. निवड चाचणीत मी काय पाहते ते सांगते. बॉल जवळ असताना मुलगी किती शोभिवंत खेळते याकडे माझं लक्ष कमी असतं. बॉल दुसऱ्या बाजूला असताना ती काय करते हे मी पाहते. पास जायच्या आधीच तिचं पाऊल त्या दिशेला पडतं का? चुकलेल्या पासनंतर ती डोकं धरून उभी राहते की तीन पावलांत वाट अडवते? चांगल्या फुलबॅककडे ही नजर असते, कारण ती सगळं आउटडोअर मागून पाहत आलेली असते. हिट गेली तरी नजर कुठेही जात नाही. हे तिला नीट समजावून सांगा, आणि जमलं तर प्रशिक्षकांना थेट विचारा की तुम्ही हिला कशासाठी घेतलंत. असा प्रश्न विचारल्याने मला कधीच राग आलेला नाही.

हल्ल्याच्या बाजूने एकच मुद्दा सांगते, तो म्हणजे मागे पास देण्याचा. आउटडोअरला वारंवार मागे पास दिला की मैदानाबाहेरून पालक ओरडतात. इनडोअरमध्ये मागच्या दोघी बॉल एकमेकींना देत, आडवा फिरवत राहतात आणि समोरचा आकार कधी फुटतो याची वाट पाहतात. फट पडली की त्याच क्षणी डीमध्ये कडक पुश, तिथे दूरच्या गोलपोस्टजवळ उभी असलेली मुलगी तो नुसता वळवते. बाहेरून हे संथ वाटतं, पण आतल्या मुलींचं डोकं सतत चालू असतं. तुम्ही प्रेक्षकांत असाल तेव्हा "पुढे मार" असं ओरडू नका, एवढी विनंती. कौशल्याबद्दल म्हणाल तर आपल्याकडची जुनी, बॉल डावी-उजवीकडे लांब ओढण्याची ड्रिबलिंग इथे फार कामाला येते, कारण आडव्या स्टिकवरून जाता येत नाही, तिच्या टोकाच्या पलीकडूनच जावं लागतं.

असोसिएशनने निवडलेला, म्हणजे तुमच्या मुलीसारखा प्रातिनिधिक संघ आणि क्लबचा हौशी इनडोअर यांतही फरक आहे. आंतरराष्ट्रीय नियमांत सामना 10 मिनिटांच्या 4 सत्रांचा असतो. जिल्हा आणि राज्य पातळीवर वेळ आयोजकांनुसार बदलते, ती वेळापत्रकात पाहा. संघात जास्तीत जास्त 12 जणी आणि बदली कितीही वेळा. म्हणून प्रातिनिधिक संघ शिफ्टमध्ये खेळतात: एक-दोन मिनिटं पूर्ण दमाने आणि बाहेर, मग पुन्हा आत. आउटडोअरला पूर्ण सामना मैदानावर राहायची सवय असलेल्या फुलबॅकला बाहेर बोलावलं की शिक्षा वाटते. ती शिक्षा नाही, हे तिला पहिल्याच सामन्याआधी कळायला हवं. त्याच संघात दोन गोलकीपर असल्या तर प्रत्यक्ष मैदानी खेळाडूंच्या जागा दहाच उरतात. शिवाय कार्डाचा फटका इथे मोठा. ग्रीन कार्डाने एक मिनिट बाहेर बसावं लागतं आणि तेवढा वेळ मैदानावर गोलकीपर सोडून चौघीच राहतात. त्या एका मिनिटात गोल होणं नेहमीचंच आहे. आपल्या अर्ध्यात मुद्दाम केलेल्या फाउललाही पेनल्टी कॉर्नर मिळतो, मग तो डीच्या बाहेर का असेना. चिडून स्टिक मारायची सवय असेल तर ती आत्ताच सोडवा.

आता आउटडोअर बिघडेल का? युरोपात हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. जर्मनी, नेदरलँड्समध्ये थंडीत आउटडोअर लीग थांबते आणि तेच क्लब हॉलमध्ये खेळतात. ऑस्ट्रेलियात उलटं: आउटडोअरचा मोसम हिवाळा आणि इनडोअरच्या मोठ्या स्पर्धा उन्हाळ्याच्या सुट्टीत. न्यू साउथ वेल्समध्ये गोलबर्न आणि वुलनगाँगला राष्ट्रीय इनडोअर स्पर्धा झालेल्या आहेत. त्यामुळे दोन्ही खेळ एकाच वर्षात बसतात. फायदा होतो तो पहिल्या स्पर्शाला, बॉल यायच्या आधी निर्णय घेण्याला आणि अरुंद जागेत न घाबरण्याला. नुकसान होऊ शकतं ते हिटच्या लयीचं आणि हवेतून येणारा बॉल घेण्याच्या सवयीचं. काही मुली इनडोअरनंतर मान खाली घालून खेळायला लागतात, कारण लांबचं पाहायची गरजच पडलेली नसते. म्हणून इनडोअर चालू असतानाही आठवड्यातून एकदा तिला टर्फवर नेऊन थोडा वेळ फक्त हिट आणि लांबून येणारे बॉल घ्यायला लावा. मोसम सुरू व्हायच्या आधी काही आठवडे हे वाढवा. एवढं केलं तर नुकसान राहत नाही, असा माझा अनुभव आहे.

इनडोअर हा स्वतंत्र खेळ आहे हे कुणाला पटत नसेल तर महिलांच्या इनडोअर विश्वचषकाकडे पाहा. 2003 साली लाइपझिगला पहिला विश्वचषक जर्मनीने जिंकला. पुढची सगळी विजेतेपदं जर्मनी आणि नेदरलँड्स यांच्यातच फिरत राहिली. मग 2025 साली क्रोएशियातल्या पोरेचमध्ये पोलंडच्या मुलींनी जिंकला, तोही ऑस्ट्रियाला हरवून. ऑस्ट्रिया 2023 साली प्रिटोरियातही अंतिम सामन्यात होता. हे दोन्ही देश पॅरिस ऑलिंपिकच्या महिला हॉकीत, म्हणजे आउटडोअरला, नव्हते. आउटडोअरची ताकद इनडोअरला आपोआप लागू होत नाही, आणि आउटडोअरला मधल्या फळीत गणली जाणारी मुलगी इनडोअरला पहिल्या पाचांत असू शकते.

भारतातल्या नातेवाइकांना हे समजावणं अवघड जातं, कारण आपल्याकडे हॉकीसाठी असे हॉल जवळजवळ नाहीतच. त्यांना हॉकी फाइव्ह्ज आठवेल. जानेवारी 2024 मध्ये मस्कतच्या पहिल्या महिला हॉकी फाइव्ह्ज विश्वचषकात आपल्या मुली अंतिम फेरीत पोहोचल्या. नेदरलँड्सकडून 7-2 अशी हार झाली. त्या दोन गोलांपैकी एक सातारा जिल्ह्यातल्या ऋतुजा पिसाळचा होता. संघात साताऱ्याचीच अक्षता ढेकळेही होती. मला त्याचा मनापासून अभिमान आहे. पण तो खेळ वेगळा. तिथे गोलकीपर धरून पाच जणी, मैदान उघड्यावरचं आणि गोलवर कुठूनही मारता येतं. ते व्हिडिओ दाखवून मुलीला इनडोअर शिकवायला जाऊ नका, गोंधळ वाढेल.

घरी काय करता येईल? गॅरेजमध्ये भिंतीलगत 10 सेंटिमीटर उंचीची लाकडी फळी आडवी टेकवा आणि ती सरकणार नाही असं पाहा. तिरक्या कोनातून पुश करून परत येणारा बॉल घ्यायचा, मग कोन बदलायचा, आणि प्रत्येक वेळी बॉल जमिनीवरच राहिला पाहिजे. दुसरा सराव बचावाचा. तुम्ही समोर चार-पाच मीटरवर उभ्या राहून हळू पुश करा, तिने आडव्या स्टिकने अडवायचं. हेतू बॉल अडवण्यापेक्षा तो स्टिकपाशीच मरून पडावा हा आहे. उडाला तर स्टिकचा कल चुकला. गॅरेजमधला बॉल हळू असला तरी ग्लोव्ह घालूनच. बूट पांढऱ्या किंवा डाग न पाडणाऱ्या तळव्याचे हवेत, टर्फचे बूट हॉलमध्ये चालत नाहीत. स्टिक इनडोअरची हलकी घेतली तर बरं, पण पहिल्या महिन्यातच महाग घ्यायची गरज नाही.

शरीराची तयारी मी सरावाइतकीच महत्त्वाची मानते. या वयात मुलींची उंची झपाट्याने वाढत असते आणि सतत वाकून खेळल्याने कंबर आणि मांड्यांचा आतला भाग दुखतो. बाजूला लंज, एका पायावर स्क्वॉट, खाली बसलेल्या अवस्थेत थांबून राहणं, हे दररोज थोडं थोडं करावं. पाठ गोल न करता गुडघे आणि कमरेतून वाकायचं, हे आरशासमोर शिकवा. दुखणं विश्रांतीनंतरही राहिलं तर संघाचं वेळापत्रक बाजूला ठेवून फिजिओला दाखवा.

खेळू द्यावं का, याचं उत्तर मात्र तुमच्या घरच्या गोष्टींवर अवलंबून आहे आणि त्या मला माहीत नाहीत. गणवेश, प्रवास, राहणं हा खर्च इथे बहुतेकदा पालकच करतात. स्पर्धा दोन-तीन दिवसांची आणि रोज एकाहून जास्त सामन्यांची असते. सुट्टीत भारतात जायचा बेत असेल तर तारखा आत्ताच तपासा. प्रशिक्षकांना तीन गोष्टी विचारा: सगळ्या मुलींना साधारण सारखा वेळ मिळेल की निकालानुसार, तिची जागा मागे असेल की बाजूला, आणि क्लबचा आउटडोअर पूर्वसराव सुरू झाल्यावर तारखा एकमेकींवर आल्या तर काय. या उत्तरांवर तुमचा निर्णय बराचसा ठरेल. मुलीला माझा निरोप एवढाच द्या की पुढच्या सरावाला तिने बॉल काढून घ्यायचा प्रयत्नच करू नये. फक्त खाली बसून एक वाट बंद ठेवावी आणि प्रतिस्पर्धी किती वेळा मागे वळते ते मोजावं. ते मोजून आल्यावर तिला काय वाटलं ते इथे लिहा, मी वाचेन.